दमणं वेगळं, व्यायाम वेगळा

बोरिवलीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. वय ४७, चर्चगेटजवळच्या एका कार्यालयात बैठं काम. वडिलांना आणि आत्याला मधुमेह होता. मार्चमधल्या तपासणीत एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेचा अंदाज देणारी रक्ताची चाचणी) ६.१ आलं. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, 'व्यायाम करा, सहा महिन्यांनी भेटा' म्हणून सांगितलं. तेव्हापासून दर रविवारी त्या राष्ट्रीय उद्यानात दोन तास चालतात, अधूनमधून कान्हेरीपर्यंतही जातात. चार महिन्यांत वजन ६३ चं साडेबासष्ट झालं, बस. मध्ये एकदा जिममध्ये जाऊन आल्या, तर दोन दिवस जिना उतरता येईना. ट्रेनर म्हणाला, लॅक्टिक ॲसिड साचलंय. धाकटी बहीण म्हणाली, या वयात वजनं उचलून दंड पुरुषांसारखे करून घेणार का? नवऱ्याचं म्हणणं, रोज गाड्या पकडतेस, पूल चढतेस, ओट्याशी उभी राहतेस, आणखी कसला व्यायाम हवा? सासूबाईंचं म्हणणं, वय वाढतं तसा आराम वाढवावा. ताई विचारतात, "रात्री अंग मोडून येतं इतकी मी दमते. तरी साखर वाढते कशी? आणि वजन उतरत नसेल तर रविवारची झोप तरी का मोडायची?"

ताई,

तुमच्या पत्रात 'दमते' हा शब्द सहा वेळा आला आहे, आणि तो खोटा आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही. मी डॉक्टर नाही, पण पंचवीस वर्षं कांदिवलीहून लोकलनं जाऊन शरीरक्रियाशास्त्र शिकवलं आहे. संध्याकाळी गाडीतून उतरल्यावर आपले हातपाय आपलेच आहेत ना, हे चाचपून बघावंसं वाटतं, ते मी जाणते. तरीही तुमचा दिवस जरा घड्याळ लावून बघू.

घर ते स्टेशन रिक्षा. दोन्ही टोकांचे पूल, भुयारी रस्ता, सगळं चढणं-उतरणं मिळून आठ-दहा मिनिटं. गाडीत तासभर, चौथ्या सीटवर अर्धवट टेकून किंवा उभं, पण एकाच जागी. मग आठ तास खुर्ची. परत तासभर गाडी. मग दीड तास ओटा, तोही दोन फुटांच्या जागेत. तोल सांभाळायला, पाठ सरळ ठेवायला काही स्नायू राबले, नाही असं नाही. पण शरीरातले सर्वांत मोठे स्नायू म्हणजे मांड्यांचे आणि कुल्ल्यांचे, आणि त्यांना दिवसभरात खरं काम लागलं ते पुलावरच्या आठ-दहा मिनिटांत. बाकी दिवसभर ते सुट्टीवरच होते. तुम्हाला पिळून काढलं ते उकाड्यानं, गर्दीनं, अपुऱ्या झोपेनं, गाडी चुकेल या धास्तीनं. ही दमणूक खरी आहे. मात्र स्नायूच्या पेशीत बदल घडतो तो आकुंचनानं, धास्तीनं नाही.

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या दुमजली बसवरच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला. बस तीच, पाळी तीच, रहदारी तीच. ड्रायव्हर दिवसभर बसून, कंडक्टर दिवसभर जिन्यावर वर-खाली. हृदयविकार कंडक्टरांमध्ये कमी निघाला, आणि झाला तोही उशिरा. (आपल्याकडच्या दुमजली गाड्यांत वर एक, खाली एक असे दोन कंडक्टर असत, हा अभ्यास मुंबईत फसला असता.) पुढे मॉरिसनी या मंडळींच्या गणवेशांची मापंही तपासली, तेव्हा ड्रायव्हरांच्या विजारींची कंबर तरुणपणापासूनच मोठी असल्याचं दिसलं. म्हणजे सगळं श्रेय जिन्याला देता येणार नाही. पण लंडनच्या रहदारीत आठ तास गाडी चालवून ड्रायव्हर दमत नसेल का? दमायचे दोघंही.

आता साखरेचं. तुमच्या अंगातल्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी साखर असते ती पाच ग्रॅमच्या आसपास, चहाचा एक चमचा. दुपारच्या डब्यातल्या दोन पोळ्या आणि वाटीभर भातातून मात्र साठ ग्रॅमच्या वर कर्बोदकं येतात. ती काही तासांत रक्तातून कुठेतरी हलवावी लागतात. यकृतात जागा असते शंभरेक ग्रॅमची. खरं गोदाम स्नायूंचं. तिथे ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवणीतल्या साखरेच्या, रूपात तीनशे ते पाचशे ग्रॅम मावतात. आणि स्नायूतला माल फक्त तो स्नायू स्वतः काम करेल तेव्हाच खपतो, तो परत रक्तात पाठवता येत नाही. मांड्यांना काम नाही म्हणजे गोदाम भरलेलंच, आणि डब्यातला नवा माल दाराशी खोळंबलेला.

दारही आपोआप उघडत नाही. साखर आत घेणारी ग्लुट-४ नावाची वाहक प्रथिनं एरवी पेशीच्या पोटात छोट्या पिशव्यांमध्ये पडून असतात. जेवणानंतर इन्सुलिन येतं, पेशीच्या दारावर थाप मारतं, मग त्या पिशव्या आवरणाकडे सरकतात आणि साखर आत येते. तुमच्या ६.१ चा ढोबळ अर्थ असा की ही थाप पेशीला पूर्वीसारखी ऐकू येत नाही. स्वादुपिंड आणखी जोरात थापा मारतं, आणि काही वर्षांनी तेही थकतं. ५.७ ते ६.४ हा जो मधुमेहाच्या उंबरठ्याचा टप्पा, तो साधारण याच काळाचा.

इथे मला दर वर्षी वर्गात थोडं थांबावंसं वाटायचं, कारण पुढची गोष्ट खरोखर नवलाची आहे. स्नायू आकुंचन पावतो तेव्हा पेशीत कॅल्शियम सुटतं, एटीपी हे इंधन खर्च होतं, ते घटल्याची वर्दी एएमपीके नावाच्या विकराला लागते, आणि त्याच पिशव्या आवरणाकडे निघतात. इन्सुलिनची थाप लागतच नाही! हे मागचं दार आहे. ज्यांना मधुमेह होऊन वर्षं लोटली त्यांच्याही स्नायूंत ते बहुतांशी शाबूत असतं. व्यायाम थांबल्यावर काही तास ते किलकिलं राहतं, आणि पुढचा एक दिवस, फार तर दोन दिवस, इन्सुलिनची थापही पेशीला जास्त स्पष्ट ऐकू येते. तेही ज्या स्नायूनं काम केलं त्यालाच. एकाच पायाला व्यायाम देऊन केलेल्या प्रयोगांत हा फरक त्याच पायात दिसला, दुसऱ्यात नाही. म्हणून तुमचे खांदे आणि मान कितीही भरून आले तरी मांड्यांचं दार उघडत नाही.

यावरून तुमच्या रविवारचा हिशेब लागतो. कान्हेरी करून आलात की सोमवारचा डबा स्नायू व्यवस्थित उचलतात, मंगळवारचाही कदाचित. बुधवार ते शनिवार पुन्हा जैसे थे. मधुमेहाच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका असं सांगतात, त्याच्या मुळाशी हेच आहे. रविवार सोडू नका, हृदयाला आणि मनाला त्याचा उपयोग आहेच. पण साखरेसाठी आठवड्यातून एकदा दोन तास चालण्यापेक्षा रोज वीस मिनिटं चालणं जास्त कामाचं.

तुम्ही विचाराल, दारं दोन दिवसांत बंद होतात तर टिकाऊ असं काहीच नाही का? आहे. १९६७ साली अमेरिकेत जॉन हॉलॉझी यांनी उंदरांना काही आठवडे पट्ट्यावर पळवलं आणि त्यांच्या स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियाची, म्हणजे पेशीतल्या इंधन जाळणाऱ्या भट्ट्यांची, क्षमता जवळपास दुप्पट झालेली त्यांना आढळली. माणसातही भट्ट्या वाढतात, त्यांच्याभोवती केशवाहिन्यांचं जाळं दाट होतं, आणि तोच पूल चढताना धाप कमी लागते. मात्र ही कमाई मुदत ठेवीतली नाही, बचत खात्यातली आहे. डेन्मार्कमध्ये दहा निरोगी तरुणांना दोन आठवडे रोजची दहा हजार पावलं दीड हजारांच्याही खाली आणायला लावली, तर तेवढ्यात त्यांची इन्सुलिनला दाद देण्याची क्षमता १७ टक्क्यांनी उतरली. तरुण, निरोगी, आणि फक्त दोन आठवडे. माझं मनगट मोडलं होतं तेव्हा सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं आणि घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत गेला. डाव्या हाताचा कुणी उपवास केला नव्हता, त्याला फक्त काम नव्हतं.

वजनाबद्दल तुम्ही इतक्या खट्टू होऊन लिहिलं आहे की थोडं सविस्तर सांगते. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांच्या गटानं उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांचा तीन वर्षं पाठपुरावा केला. निष्कर्ष २००६ मध्ये आले. ज्यांना नुसता नेहमीचा सल्ला दिला त्यांतल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांना आहारात बदल आणि रोजचं चालणं यांवर टिकवून धरलं त्यांत ३९ टक्क्यांना. आणि या दुसऱ्या गटाचं वजन म्हणावं तसं उतरलंच नव्हतं! म्हणजे काटा जागचा हलला नाही तरी आतला कारभार सुधारू शकतो.

आपल्या माणसांच्या बाबतीत तर काटा जास्तच फसवा. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभं राहून काढलेला फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी एक, २२.३. चरबी मात्र युडकिनांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. तेव्हा ६३ किलो वजनात स्नायू किती आणि चरबी किती, हे तुमच्या न्हाणीघरातला काटा सांगू शकत नाही. त्यापेक्षा बेंबीपाशी टेप लावून महिन्यातून एकदा माप घ्या, किंवा परकराच्या नाडीची गाठ कुठे बसते ते पाहा. पाचव्या मजल्यावर लिफ्ट बंद असते त्या दिवशी तिसऱ्या जिन्यावर थांबावं लागतं की नाही, हेही लिहून ठेवा.

जिमचा अनुभव वाईट आला, पण त्याचा दोष वजनांकडे जात नाही. आपली मज्जासंस्था काटकसरी आहे. हलक्या कामाला ती स्नायूतले संथ तंतूच बोलावते. भार वाढला तर मोठे, वेगवान तंतू मदतीला घेते. सपाटीवर चालताना या वेगवान तंतूंना फारसं बोलावणं येतच नाही, आणि वय वाढताना आधी झिजतात ते हेच. तिशीनंतर दर दशकात साधारण तीन ते आठ टक्के स्नायू जातो, पाळी जाण्याच्या सुमारास बायकांचा वेग आणखी वाढतो. गोदामच लहान होत गेलं तर दारं कितीही उघडा. म्हणून चालण्याच्या जोडीला भार हवा.

दोन दिवस मांड्या दुखल्या त्यात लॅक्टिक ॲसिडचा हात नव्हता. त्याच्यावर उगाच खापर फुटतं. व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट तासाभरात मार्गी लागतं. हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर करतं. दुसऱ्या दिवशीचं ठणकणं हे सवय नसलेल्या भारानं तंतूंना झालेल्या बारीक इजेचं आणि तिच्या दुरुस्तीचं असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, म्हणून जिना चढण्यापेक्षा उतरताना जीव जातो. तोच व्यायाम आठवड्यानं पुन्हा केला तर दुखणं बरंच कमी होतं. पहिल्याच दिवशी नवख्या माणसाला एवढं करायला लावणं ही चूक होती, इतकंच. (एक मात्र लक्षात ठेवा: जबरदस्त व्यायामानंतर लघवी काळपट, कोऱ्या चहासारखी झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं.)

बहिणीला सांगा, पुरुषांच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन आपल्यापेक्षा दहा-पंधरा पटींनी जास्त असतं. तसे दंड आपल्याला ठरवूनही जमायचे नाहीत. ससून डॉकवर माशांच्या पाट्या उचलणाऱ्या बायकांकडे तिनं एकदा बघावं. काटक असतात, पहिलवान नव्हे.

मग करायचं काय? गाडीत व्यायाम करा असं मी सांगणार नाही, संध्याकाळच्या बोरिवलीत श्वासाला जागा मिळाली तरी पुष्कळ. तुमच्याकडे जेवणानंतरची वेळ आहे, तीच धरा. न्यूझीलंडमध्ये ४१ मधुमेही लोकांना काही दिवस रोज एकदम अर्धा तास चालायला सांगितलं आणि काही दिवस तोच अर्धा तास प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं असा वाटून दिला. जेवणानंतरची साखर दुसऱ्या पद्धतीत सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली, रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. आपल्याकडे शतपावली म्हणतात ती हीच, फक्त शंभर पावलं मिनिटभरात संपतात. तिची सहस्रपावली करा, दहा मिनिटं होतात. दुपारी डबा संपल्या संपल्या ओव्हल मैदानाच्या कडेनं एक चक्कर. पावसात कार्यालयाचेच दोन मजले खाली-वर. रात्री सोसायटीच्या आवारात. त्या दहा मिनिटांत ओटा आवरायचं काम कुणी करायचं? ज्यांच्या मते तुम्हाला आणखी व्यायामाची गरज नाही, त्यांनी.

आणि आठवड्यातून दोन-तीनदा, जिमशिवाय, उठाबशा. शाळेत शिक्षा म्हणून काढायचो तशा खोल नकोत. हात छातीशी घेऊन खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश, तीन अंक मोजत बसायचं. आठ वेळा, थोडं थांबून पुन्हा आठ. पहिला आठवडा एवढंच, मांडी जरा भरून आली की पुरे. सोपं वाटू लागलं की छातीशी दोन किलोची तांदळाची पिशवी, पुढे पाच किलोची. ही वाढ विसरू नका. भार तोच राहिला तर स्नायू आहे तिथेच थांबतो. भिंतीवर हात टेकून जोर, पाण्यानं भरलेले कॅन दोन्ही हातांत घेऊन घरातल्या घरात फेऱ्या, हे पुढच्या महिन्यात. सोबत प्रत्येक जेवणात उसळ, डाळ, दही, अंडं, मासळी यांपैकी काहीतरी ठसठशीत असू द्या. नुसत्या पोह्यांवर स्नायू बांधला जात नाही.

हे वाचून सुरुवात करणाऱ्या इतरांसाठी: इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर व्यायामानं साखर एकदम खाली येऊ शकते, आधी डॉक्टरांशी मात्रेबद्दल बोला. छातीत दुखणं, चालताना दडपण, तळपायाची जखम, डोळ्यांतल्या पडद्याचा त्रास असेल तरीही आधी विचारा.

सप्टेंबरच्या तपासणीला जरूर जा, पण एक समजून जा. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि एचबीए१सी त्यांच्यावर चिकटलेली साखर मोजतं. आज सुरुवात केलीत तर सप्टेंबरच्या आकड्यात जुने दिवसही मिसळलेले असतील. नवं काय चालू केलंय ते डॉक्टरांना तारखेसकट सांगा. हिमोग्लोबिन आणि लोह तपासलंय का, हेही विचारा. लोहाच्या कमतरतेमुळे रक्त कमी असेल तर हा आकडा खोटाच थोडा वर दिसू शकतो, आणि आपल्या बायकांमध्ये ते काही दुर्मीळ नाही.

राहिल्या सासूबाई. बॉस्टनच्या एका वृद्धाश्रमात सरासरी नव्वद वर्षांच्या दहा जणांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला शिकवलं होतं, १९९० चा अभ्यास आहे. एकानं मध्येच सोडलं. बाकीच्यांच्या पायांतली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. तुमच्या सासूबाई चौऱ्याहत्तरच्या, म्हणजे त्या घोळक्यात पोरसवदा. त्यांना आकडे सांगत बसू नका, तुम्ही उठाबशा काढाल तेव्हा शेजारी त्यांचीही खुर्ची मांडा. हातांची खुर्ची घ्या आणि पाठ भिंतीला लावून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पहिले पंधरा दिवस हातांवर भार देऊन उठल्या तरी चालेल. गुडघा कुरकुरला तर बैठकीवर एक घडी केलेलं ब्लँकेट टाका. खुर्ची दोन इंच उंच झाली की उठणं बरंच सोपं जातं.